कात्री गॅसवर तापवू नका, आणि मेरठच्या कात्रीला नावं ठेवणं बंद करा

सध्या सोलापुरातल्या निम्म्या टेलरिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, 'कात्रीबद्दलची सात सत्यं, जी कंपन्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत'. वर लाल दिवे, खाली 'जनहितार्थ, पुढे पाठवा'. असले मेसेज मी न वाचताच सोडून देते, पण हा माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि तिनं त्यातला एक प्रयोग खरंच करून बघितला, म्हणून लिहायला बसलेय आणि चिडून लिहितेय, तेवढं समजून घ्या.

मेसेजात काय आहे ते आधी थोडक्यात सांगते. एक, कात्री लिओनार्दो दा विंचीनं शोधली, त्याच्या आधी जगात कात्री नव्हतीच. दोन, मेरठची कात्री ट्रकच्या भंगारातनं बनते, ती घरात आणू नका, तिनं धनुर्वात होतो. तीन, पात्यावर जर्मनी किंवा जपान लिहिलेलं असलं की डोळे झाकून घ्या, जपानी कात्री तर सामुराईच्या तलवारी वितळवून करतात. चार, बोथट कात्री गॅसवर लालबुंद करून मिठाच्या थंड पाण्यात बुडवा, नव्यासारखी होते. पाच, धारवाल्याला देऊ नका, तो कात्री खराब करतो, घरी फॉइल कापा. सहा, डावऱ्यांची वेगळी कात्री ही निव्वळ लूट, साधीच उलटी धरा. सात, रिबिटात, म्हणजे पाती जोडणाऱ्या खिळ्यात, खोबरेल तेल सोडा.

क्रमानं नाही जाणार. चौथ्यापासून सुरू करते, कारण बाकीचे बरेचसे नुसते अडाणीपणाचे आहेत, हा नुकसान करणारा आहे.

आत्या अशोक चौकाजवळ राहते, घरी ब्लाऊज शिवते आणि शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशाचं जॉबवर्क घेते (सोलापुरातनं गणवेश कुठं कुठं जातात हे बाहेरच्यांना माहीतच नसतं, चादरीपुढं ते झाकून जातं). तिची दहा इंची कात्री, पितळी मुठीची, मेरठची, तिच्या सासऱ्यांच्या वेळची. ऐन सीझनला ती जरा बोथट झाली, त्यात हा मेसेज आला, बाईंनी गॅस पेटवला. टोकाकडची बोटभर पाती लाल होईपर्यंत धरली आणि चर्रकन मिठाच्या पाण्यात. मला फोन करून सांगते, अगं बघ की, कशी निळी-निळी चमकतेय! दुसऱ्या दिवशी टेरीकॉटचे चार पदर कापायला घेतले तर एका पात्याचं टोक तुटून पडलं, आणि मधल्या भागात कापड कापलं न जाता दोन पात्यांच्या मधे घुसायला लागलं.

आता असं का होतं ते ऐका. कात्रीच्या पात्यात कार्बन असलेलं पोलाद असतं. ते साधारण आठशे-साडेआठशे डिग्रीपर्यंत सगळीकडून सारखं तापवून एकदम थंड केलं की कडक होतं, यालाच पाणी देणं म्हणतात. इथपर्यंत मेसेजवाल्यानं कुठंतरी ऐकलेलं असणार. पण नुसतं पाणी दिलेलं पोलाद काचेइतकं ठिसूळ असतं, म्हणून कारागीर ते परत हलकं तापवतो, दोन-अडीचशे डिग्रीच्या आसपास, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. ही दुसरी पायरीच मेसेजात नाही! त्यामुळं जेवढा भाग लाल झाला होता तो ठिसूळ झाला आणि तुटला. त्याच्या मागचा भाग लाल झाला नाही, निळा पडला, ज्याचं आत्याला कौतुक वाटलं. पोलाद निळं पडतं तीनशे डिग्रीच्या आसपास, आणि तिथं पाण्याचा उपयोग शून्य, उलट कारखान्यात दिलेलं पाणी थोडं उतरतं. म्हणजे एकाच पात्यावर टोक ठिसूळ, मागचा भाग नरम, आणि एका बाजूनं ज्योत लागल्यामुळं पातं किंचित वाकलेलं ते वेगळंच. प्लॅस्टिकच्या मुठीची कात्री असती तर घरभर धूर झाला असता.

आणि मुळात बोथट होणं म्हणजे काय, तर धारेच्या कडेचं पोलाद झिजून ती कड गोल होणं. पेन्सिलीचं टोक झिजलं म्हणून पेन्सिल चुलीवर शेकली तर टोक येतं का? धार येते ती पोलाद घासून, योग्य कोनात. तापवण्याचा तिथं संबंधच नाही.

आता भंगार. इथं मला खरा राग आहे.

हो, मेरठची कात्री भंगारातनं बनते. ट्रक, बस, रेल्वे यांच्या जुन्या कमानपाट्यातनं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांतनं. हे कुणी लपवलेलं नाहीये, तीच तिची ओळख आहे, आणि त्याच कात्रीला २०१३ साली जीआय मिळालं. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, आपल्या सोलापुरी चादरीला आहे तेच, चेन्नईच्या त्याच नोंदणी कार्यालयातलं. चादरीच्या टॅगवर छाती फुगवायची आणि त्याच रजिस्टरातल्या कात्रीला कचरा म्हणून मेसेज पुढे ढकलायचा, हे कसं चालेल बे? कमानपाटा हे काही पत्र्याच्या डब्याचं लोखंड नाही. वर्षानुवर्षं गाडीचं वजन झेलत वाकून परत सरळ व्हायचं म्हणून ते पोलादच तसं बनवलेलं असतं, कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मधे, म्हणजे पाणी देण्यासारखं. साध्या लोखंडाला पाव टक्क्याच्या आत कार्बन असतो, त्याला कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. शिवाय हे पाटे वितळवत पण नाहीत, कापून, तापवून, ठोकून पातं काढतात. वितळवतात ते मुठीसाठी, जुनी भांडीकुंडी वगैरे, आणि मूठ वाळूच्या साच्यात ओततात. मेरठमधे कैंचियान नावाचा मोहल्लाच आहे, तिथं हे काम सतराव्या शतकापासून चालत आलंय असं सांगतात, आणि त्या कात्रीबद्दल 'दादा ले, पोता बरते' अशी म्हण आहे, म्हणजे आजोबानं घ्यावी, नातवानं वापरावी. आत्याची कात्री सासऱ्यांकडनं आली होती, गॅसवर चढली नसती तर पुढं पण गेली असती.

धनुर्वाताचं तर बोलूच नये. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात, जखमेत घाण गेली की होतो. कात्री मेरठची आहे का जर्मनीची हे जंतू विचारत नाहीत. लागलं तर इंजेक्शन घ्या, मेसेज पाठवत बसू नका.

एक गोष्ट मात्र मान्य करते, नाइलाजानं. भंगार प्रत्येक वेळी सारखं नसतं, कडकपणा बराचसा कारागिराच्या नजरेवर, त्यामुळं मेरठची एक कात्री अप्रतिम निघते आणि शेजारची सुमार. म्हणून दुकानात उभं राहून ओल्या पातळ कापडावर टोकानं कापून बघायचं, टोकाला कापड स्वच्छ कापलं गेलं तर घ्यायची. दुकानदार कुरकुर करतो, करू दे. आणि कात्रीच्या कारखान्यात आरोग्याचा धोका खरंच कुणाला असेल तर तो धारेच्या चाकावर बसणाऱ्याला, धुळीमुळं. इंग्लंडमधल्या शेफिल्डला एकोणिसाव्या शतकात धार लावणाऱ्या कामगारांची फुप्फुसं याच धुळीनं गेली, त्यावर तेव्हाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. पण त्याचा मेसेज कुणी करत नाही.

पात्यावर जर्मनी लिहिलेलं म्हणजे खरं, हे सोलापूरकरानं तरी मानू नये. पानिपतला विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जाते हे आपण इतकी वर्षं ओरडून सांगतोय ना? मग ठप्प्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. जर्मनीत कात्री-सुऱ्यांचं खरं गाव आहे सोलिंगेन, आणि त्या नावाला तिथं कायद्यानं संरक्षण आहे, पहिला कायदा १९३८ चा. मालाच्या मुख्य प्रक्रिया सोलिंगेनच्या भागात झाल्या तरच ते नाव मारता येतं. नुसतं 'जर्मन स्टील' लिहिणं म्हणजे काहीच नाही, ते मंगळवार बाजारात गाड्यावर मिळणाऱ्या कात्रीवर पण असतं.

सामुराईचं काय, तर त्यात चिमूटभर खरं आहे. १८७६ साली जपान सरकारनं तलवार घेऊन फिरायला बंदी घातली आणि पोटापाण्यासाठी कितीतरी तलवारवाले लोहार सुऱ्या, कात्र्या करायला लागले. सेकी, साकाई ही गावं आजही धारेच्या कामासाठी नावाजलेली आहेत. पण म्हणून तुमच्या कात्रीत तलवार वितळलेली आहे असं नाही हो, तेवढ्या तलवारी आणणार कुठून!

दा विंची १४५२ चा. एका पट्टीला वाक देऊन केलेली, दाबली की मिटणारी कात्री इजिप्त-मेसोपोटेमियात तीन हजारांहून जास्त वर्षं जुनी आहे, आपल्या गणवेशाच्या कारखान्यात मुली धागे कापायला जो कटर वापरतात तो त्याच जातीचा. मधे खिळा असलेली रोमन लोकांकडं होती, दा विंचीच्या हजारभर वर्षं आधी. आणि सगळं गोऱ्यांनीच शोधलं असं वाटणाऱ्यांसाठी, चीनमधल्या हांगचौचं झांग श्याओच्युआन हे कात्रीचं नाव १६६३ पासूनचं आहे, शेफिल्डला ओतीव पोलादाच्या कात्र्या निघाल्या त्या १७६१ च्या सुमारास. झालं.

धारवाल्याचा मुद्दा जरा नीट सांगावा लागेल, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खरंच जास्त घोळ घालतं. कात्रीची दोन पाती एकमेकांना पूर्ण चिकटलेली नसतात. दोन्हीला किंचित बाक असतो, आतली बाजू थोडी खोलगट घासलेली असते, त्यामुळं कात्री मिटताना ती एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात आणि तो भेटीचा बिंदू खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातो. कापड कापलं जातं ते तिथं. (मिटलेली कात्री उजेडासमोर आडवी धरा, मधे फट दिसेल, ती दोष नाही, तीच कारागिरी.) शेफिल्डला हे जुळवायचं काम करणाऱ्याला 'पटर' म्हणतात, तो पाती ठोकून ठोकून बाक देतो, खिळा किती घट्ट ते ठरवतो, आणि हे हातात बसायला वर्षं जातात. १९०२ चा अर्नेस्ट राइट नावाचा तिथला कारखाना २०१८ मधे दिवाळखोरीत गेला, दोन डच माणसांनी घेऊन परत उभा केला, तो या हातांच्या कौशल्यासाठीच. तर आपल्या गल्लीत सायकल घेऊन येणारा कुणी पात्याची आतली बाजू सपाट घासत असेल तर तो कात्रीची वाट लावतोय, तेवढं मेसेजवाल्याचं बरोबर. त्याला सांगायचं, बाहेरच्या उतारावरच धार लाव, आत हात लावू नको. ज्याला कळतं तो लगेच हो म्हणतो. जो वाद घालतो त्याच्या हातात कात्री द्यायची नाही.

फॉइल कापल्यानं कडेवरचे बारीक काटे बसतात आणि टेपचा चिकटपणा निघतो, म्हणून दोन दिवस बरं वाटतं. झिजलेली कड त्यानं येत नाही. कागदाच्या कात्रीला करा, कापडाच्या नको.

डावरी माणसं. उजव्या हाताची कात्री उलटी केली, पालथी केली, काहीही केलं तरी वरचं पातं उजवीकडंच राहतं, हातात घेऊन फिरवून बघा. उजव्या हाताचा अंगठा दाबताना पाती एकमेकांवर दाबतो, डाव्या हाताचा तीच फाकवतो, आणि कापायची रेघ पात्यामागं झाकली जाते ते वेगळंच. डावऱ्या कात्रीत पातीच आरशातल्यासारखी उलट बसवलेली असतात. लूट नाहीये ती. कटिंगला डावरी मुलगी असेल तर तिला तशी आणून द्या, ती हळू काम करते म्हणून बोलणी कसली देता.

राहिलं तेल. तेल घालायचं हे बरोबर, कोरडा खिळा पाती झिजवतो. पण खोबरेल नाही, ते थंडीत थिजतं, चिकट होतं, त्यावर धागे-धूळ बसते आणि पहिला डाग पडतो पांढऱ्या शर्टिंगवर. शिलाई मशीनचं तेल घरात असतंच, त्याचा एक थेंब खिळ्यावर, दहा-बारा वेळा उघडझाप करायची, आणि चिंधीनं पुसून मगच कापड धरायचं.