म्हणे, 'काम बोलतं, रिपोर्ट नाही'!

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंटर्नशिपला गेलात की मशीन शिका, लिहीत बसू नका. लिहिणं हे क्लार्कचं काम. आकडे स्वतःच बोलतात. इंग्रजी कच्चं असेल तर तसंही जमत नाही, आणि रिपोर्ट काय, एआय लिहून देतंय. शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी बघणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

क्लार्कचं काम? गाडीच्या पार्टात दोष निघाला की ग्राहक आठ-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचा आठ पायऱ्यांत घेतलेला माग, मागतो. दोष काय, किती नगांत, संशयित माल कुठं अडवला, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. मूळ कारणापुढं 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं खरडून पाठवलं तर तो रिपोर्ट बहुधा परतच येतो. ऑपरेटर चुकला तरी दोषी नग पुढं गेलाच कसा, हे ग्राहकाला हवं असतं. हे कुठला क्लार्क लिहिणार?

आता 'आकडे बोलतात'. शिफ्टच्या वहीत नोंद सापडते: 'काल कास्टिंग खराब आली, वाळूचा प्रॉब्लेम.' सकाळच्या शिफ्टनं यावरून काय करायचं? वाळू ओली होती, गरम होती, की साच्यात जास्त कुटली? हीट म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, ब्लोहोल म्हणजे वायू अडकून पडलेलं भोक, कोप म्हणजे साच्याचा वरचा अर्धा भाग, परमिएबिलिटी म्हणजे वाळूतून वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता. आता त्याऐवजी असं लिहा: 'सेकंड शिफ्ट, हीट ७. ४० पैकी ६ नगांत ब्लोहोल, सगळे कोप साइडला. मॉइश्चर ४.८ टक्के, आपली मर्यादा ३ ते ४. कारण बहुधा जादा पाणी; परमिएबिलिटी बघायची राहिली. १०.२० ला पाणी कमी केलं.' दिसलं ते, वाटलं ते आणि राहिलं ते, तिन्ही वेगळं. चारच ओळी, पण सकाळचा माणूस थेट सँड लॅबकडं जातो.

आणि नुसत्या आकड्यांचं म्हणाल, तर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोचून हातचं गेलं. एकीकडचं सॉफ्टवेअर पौंड-फोर्स सेकंदांत आकडे देत होतं, दुसरीकडं ते न्यूटन-सेकंद समजून वापरले जात होते. बोलत होते की आकडे!

एक मात्र मान्य. कॉलेजला जमा होणारे रिपोर्ट खरंच टाकाऊ असतात. सर्टिफिकेट, आभार, वेबसाइटवरून उचललेला कंपनीचा इतिहास, वर स्पायरल बाइंडिंग. तुम्ही काय केलंत ते शेवटच्या दोन पानांत. १९०६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी को-ऑप सुरू केलं, तेव्हा काही काळ वर्ग, काही काळ कारखाना अशी आलटून-पालटून रचना होती. दोन्हींची सांगड घालायची होती. वर्गात शिकलेली परमिएबिलिटी आमच्या वाळूत कशी वागली, एवढं एक पान लिहा. बाकीचं नाही लिहिलंत तरी चालेल.

इंग्रजीची भीती सोडा. आधी मराठीत टिपा, मग छोटी वाक्यं करा. ग्राहकाला अलंकार नकोत.

राहिलं एआय. व्याकरण खुशाल तपासून घ्या. पण सातव्या हीटला ते हजर नव्हतं. तुम्ही न टिपलेलं मॉइश्चर ते आणणार कुठून? आणि ग्राहकाचं ड्रॉइंग त्यात चिकटवण्याआधी साहेबांना विचारा. गोपनीयतेचा करार कंपनीनं केलेला असतो, आणि ग्राहकापुढं उत्तर द्यायला त्यांनाच उभं राहावं लागतं.