जड सेट म्हणजे टिकाऊ सेट? ‘स्लिम घेऊ नका’ मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर प्लेस्टेशन ५ या टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलबद्दल एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: ‘प्लेस्टेशन ५ स्लिम घेऊ नका. कंपनीने आतला माल काढून डबा हलका केलाय. हीटसिंक लहान, त्यामुळे तापणार, गेमही हळू चालणार. जुना जड सेट सेकंड हँड घ्या, तो टिकतो. आणि नवाच हवा असेल तर थांबा, स्वस्त होईल.’ (स्लिम म्हणजे याच सेटचं नंतर आलेलं हलकं मॉडेल; हीटसिंक म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा आतला धातूचा ठोकळा.) विश्रामबागेत माझं कन्सोल दुरुस्तीचं दुकान आहे. हा मेसेज वाचून दोघांनी जुने सेट घेतले आणि पंधरा दिवसांत दोन्ही माझ्या टेबलावर आले. म्हणून हे लिहितोय.

वजन कमी झालंय हे खरं आहे. २०२० चा पहिला सेट साडेचार किलोचा, स्लिम ३.२ किलोचा. पण हे वजन एकदम उतरलेलं नाही. २०२१ मध्ये हीटसिंक लहान होऊन सेट ४.२ किलोवर आला, तेव्हाही हीच ओरड झाली होती. मागून येणारी हवा काही अंश जास्त गरम लागली, एवढ्यावर लोकांनी सेट खराब ठरवला. मागून गरम हवा येतेय म्हणजे उष्णता आतून बाहेर निघतेय. ते चिपचं तापमान नव्हे. २०२२ मध्ये तर चिपच बदलली, ७ नॅनोमीटरवरून ६ नॅनोमीटरवर आली (आकडा जितका लहान, तितकी चिपची आतली घडण बारीक). तेच काम कमी विजेत होऊ लागलं आणि वजन ३.९ किलोवर उतरलं. पाच एचपीच्या मोटरीचं पाणी तीन एचपीत पडायला लागलं, तर तेवढी जाड केबल कोण ओढेल? धातू कमी केल्याने कंपनीचा खर्च वाचला हेही खरंच, पण तो वाचवता आला तो चिप कमी तापायला लागली म्हणून.

हे आजचं नाही. २००६ चा प्लेस्टेशन ३ पाच किलोचा होता. २००९ च्या स्लिममध्ये मुख्य चिप ९० वरून ४५ नॅनोमीटरवर आली, वजन ३.२ किलो झालं आणि विजेचा खप सुमारे दोन-तृतीयांशावर आला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचं उदाहरण तर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला देतो. २००५ चा तो सेट चालू-बंद होताना इतका तापायचा-निवायचा की चिपचे जोड तुटायचे आणि तीन लाल दिवे लागायचे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढली. पुढे २०१० मध्ये आलेला नवा सेट आधीपेक्षा हलका होता आणि बराच भरवशाचाही.

गेम हळू चालण्याचं म्हणाल तर ते साफ खोटं आहे. ताकद तीच आहे, उलट डिस्क ड्राइव्हच्या स्लिममध्ये स्टोरेज ८२५ जीबीऐवजी १ टीबी मिळतं.

‘जुना टिकतो’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. त्या दोघांपैकी एकाचा सेट मार्केट यार्डाजवळच्या घरातला. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा पिवळा थर बसलेला. शिवाय आधी कुणीतरी तो उघडून चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारं आतलं लिक्विड मेटल पुसलं होतं आणि साधी थर्मल पेस्ट लावली होती. आपल्याकडे जुलै २०२१ च्या पुराचं पाणी बघितलेले सेटही विकले जातात. बाहेरून पुसून चकचकीत दिसतात, खोलल्यावर पत्र्याखाली गाळ निघतो. पहिल्या बनावटीचा सेट म्हणजे सर्वांत जुना सेट, त्याची वॉरंटी कधीच संपलेली. पैसे देण्याआधी मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघा. १००० च्या मालिकेतला म्हणजे पहिला, १२०० चा म्हणजे नवी चिप, २००० चा म्हणजे स्लिम.

थांबलं की स्वस्त होतं, हे पूर्वी खरं होतं. ६० जीबीचा प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ५९९ डॉलरला आला आणि तीन वर्षांनी स्लिम २९९ ला मिळू लागला. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० चा झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये स्लिमही त्याच किमतीला लागला. मधूनमधून सवलती मिळतात, पण छापील किंमत वाढलेलीच आहे. चिप लहान झाली की ती स्वस्तही व्हायची, ते दिवस आता राहिले नाहीत.

नव्या मॉडेलमधून सोयी खरंच काढल्या जातात, पण त्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. पहिल्या प्लेस्टेशन ३ वर प्लेस्टेशन २ च्या डिस्क चालायच्या, स्लिमवर चालत नाहीत. २०१६ च्या प्लेस्टेशन ४ स्लिममधून ऑप्टिकल ऑडिओचं पोर्ट गेलं. प्लेस्टेशन ५ स्लिमची डिस्क ड्राइव्ह काढता-घालता येते, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच. मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांचा असताना आपल्या गावात पोरं डिस्कची अदलाबदल करूनच खेळतात, त्यामुळे ड्राइव्हचा प्रश्न वजनापेक्षा मोठा आहे. स्लिमच्या डिजिटल, म्हणजे ड्राइव्हशिवाय येणाऱ्या, सेटला ती नंतरही बसवता येते. २०२० च्या डिजिटल सेटला ती कधीच बसत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाने जड म्हणून घेतलेला सेट नेमका तोच होता, आणि चुलतभावाने दिलेल्या सहा डिस्क त्याच्या घरी पडून आहेत.