१०० टक्के झाले की पिन काढायची? कशाला?

'लॅपटॉप १०० टक्के झाला की लगेच पिन काढा, नाहीतर ओव्हरचार्ज होऊन बॅटरी फुगेल. महिन्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणा. जास्त वॉटचा टाइप-सी चार्जर लावलात तर मदरबोर्ड गेलाच समजा.' हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरत असतो. पहिल्या वाक्यात खऱ्याचा थोडा अंश आहे, बाकी दोन्ही चूक.

आधी ओव्हरचार्ज. लिथियम-आयन सेल ठरलेल्या व्होल्टेजला, म्हणजे साधारण ४.२ व्होल्टला पोचला की सर्किट चार्जिंग थांबवतं. मग लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो आणि बॅटरी नुसती बसून राहते. ती झिजते वा फुगते ते पूर्ण भरलेल्या अवस्थेत, गरम होत, महिनोन्‌महिने पडून राहिल्यामुळे. लॅपटॉप गादीवर ठेवून खालची जाळी बुजवली की हेच होतं. पिन काढ-घाल करून काही वाचत नाही, उलट चार्जिंगची चक्रं वाढतात.

उपाय लॅपटॉपमध्येच असतो: चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा. लेनोव्होत व्हँटेज अ‍ॅपमध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड', असूसमध्ये मायअसूस अ‍ॅपमध्ये बॅटरीचा विभाग. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत सुरू होताना एफ२ आणि एचपीच्या ऑफिसच्या मॉडेलांत एफ१० दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये. लेनोव्होच्या काही जुन्या मॉडेलांत ही मर्यादा ६० असते. मग पडद्यावर 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दिसतं आणि माणूस घाबरून दुकान गाठतो. बिघाड काही नसतो, मोड चालू असतो एवढंच. प्रवासाच्या किंवा वीज जाणार असल्याच्या आदल्या रात्री मात्र मर्यादा काढा, नाहीतर बॅकअप पाचव्या हिश्श्याने कमी मिळेल.

शून्यावर आणण्याची सवय निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. लिथियमला खोल उतरणं मानवत नाही. टक्क्यांचा आकडा उड्या मारत असेल, ३० वरून एकदम बंद पडत असेल, तेवढ्यापुरतं एकदा उतरवून सलग पूर्ण भरा. त्याने मोजमाप सुधारतं, बॅटरी नव्हे.

बॅटरीची खरी अवस्था बघायची तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून, इंग्रजी अक्षरांत, 'पॉवरसीएफजी', एक जागा, मग स्लॅशला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' ५०,००० आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' ४१,००० असेल, तर ८२ टक्के क्षमता शिल्लक आहे.

राहिला चार्जर. टाइप-सीमध्ये 'पॉवर डिलिव्हरी' ही चार्जिंगची पद्धत असली की सुरुवात ५ व्होल्टने होते. चार्जर आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो, लॅपटॉप त्यातलं झेपेल तेवढंच मागतो. त्यामुळे ६५ वॉटच्या लॅपटॉपला १०० वॉटचा चांगल्या प्रतीचा चार्जर खुशाल लावा. अडचण उलटी येते: फोनचा '६७ वॉट'वाला चार्जर लॅपटॉपला पुष्कळदा जेमतेम १०-१५ वॉट देतो, कारण त्याचं जलद चार्जिंग त्या कंपनीच्या फोनपुरतंच असतं. तेव्हा चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. '२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' असं दिसलं तर ते ६५ वॉट. केबलही पाहा: साधी ३ अँपिअरची असेल तर १०० वॉटच्या चार्जरमधूनही ६० च वॉट येतील. त्याहून जास्त हवे तर ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल घ्यावी लागते. आणि लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट नुसतं डेटाचं असेल, तर कुठलाच चार्जर चालणार नाही.