दीड मिनिटाचा व्हिडिओ, चार सेकंदांची जर्सी

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. फुटबॉलशी देणंघेणं नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

एका देशाच्या राष्ट्रीय संघाच्या नव्या जर्सीचा व्हिडिओ बघितला. कुठला ते सांगत नाही, कमेंटमध्ये मारामाऱ्या नकोत. दीड मिनिटाचा व्हिडिओ. ढोल, धूर, पावसात पळणारं पोरगं, डोंगरावरून घिरट्या घालणारा ड्रोन. त्यात जर्सी किती दिसली? मोजलं मी. चार सेकंद! खाली निबंध वेगळाच. म्हणे कापडावरच्या फिकट रेघा नद्यांच्या प्रवाहावरून सुचल्या आणि कॉलर पूर्वजांच्या धैर्याची साक्ष देते. अहो, कॉलर आहे ती. मानेला टोचली नाही म्हणजे झालं.

आमच्या दादाच्या जर्सीला असला काही निबंध नव्हता. साधा निळा टी-शर्ट, आईने चंदेरी कापडातून 10 कापला आणि इस्त्रीने पाठीवर चिकटवला. एवढंच. पहिल्याच धुण्यात शून्य निघालं. दादा 1 नंबर, म्हणजे गोलकीपरचा नंबर, घालून मैदानात गेला आणि सगळ्यांनी त्याला गोलकीपर म्हणून उभा केला. सात गोल खाल्ले त्याने त्या दिवशी.

हसू नका. 1986 च्या मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपला अर्जेंटिनाने तरी वेगळं काय केलं? इंग्लंडविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना तोंडावर, उन्हात बाहेरची (समोरच्याशी रंग जुळला की घालायची ती) निळी जर्सी जड होतेय, प्रशिक्षक बिलार्दो वैतागलेले. शेवटी माणसं मेक्सिको सिटीत दुकानं हुडकत फिरली. हलक्या निळ्या जर्स्या आणल्या, त्यावर घाईघाईत संघाचं चिन्ह शिवलं आणि अमेरिकन फुटबॉलचे चमचमते आकडे इस्त्रीने चिकटवले. तीच घालून मॅराडोनाने हाताने एक आणि पायाने एक असे ते दोन गोल मारले. 2022 ला त्यातली एक जर्सी लिलावात 71 लाख पौंडांच्या वर गेली. आमच्या आईचंच तंत्र, फक्त मॅराडोनाच्या 10 चं शून्य टिकलं.

आणि ब्राझीलचा पिवळा कुठून आला? आधी ते पांढऱ्यात खेळायचे. 1950 च्या वर्ल्ड कपला रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेने 2-1 असं हरवलं आणि तो पांढरा रंगच लोकांना नकोसा झाला. मग एका वर्तमानपत्राने स्पर्धा लावली. अट एकच, झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत. जिंकला कोण, तर उरुग्वेच्या सीमेवरच्या गावातला, विशीही न गाठलेला आल्दिर श्ली. ना ड्रोन, ना पूर्वजांचं धैर्य. आज जगात कुठेही तो पिवळा दिसला की पोरंसुद्धा देशाचं नाव सांगतात.

आता बघा. 2022 च्या वर्ल्ड कपला घाना, सेनेगल, उरुग्वे, स्वित्झर्लंड या सगळ्यांच्या बाहेरच्या जर्सीवर छातीच्या मधोमध आकड्यासाठी चौकट. साचा एक, रंग बदला, झालं. कंपनी एकच ना! नद्या मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या असणार, निबंधात.

2024 ला कंपनीने इंग्लंडच्या जर्सीच्या कॉलरमागचा, झेंड्यातला लाल क्रॉस जांभळा-निळा केला तेव्हा पंतप्रधानांपर्यंत गलका गेला होता. मी तेव्हा हसले होते. आज हसत नाही. रंग कंपन्यांच्या मालकीचा नाही हो, त्यांनी फक्त कापड शिवायचं.

बरं, मान्य. नायजेरियाची 2018 ची हिरवी-पांढरी जर्सी देखणी होती, तिच्यासाठी रांगा लागल्या त्या उगाच नाही. हॉलंडच्या 1988 च्या जर्सीवर आज लोक जीव टाकतात, पण त्या वर्षीच्या युरो कपच्या अंतिम सामन्यात त्यांच्या व्हॅन बास्टनने तो गाजलेला गोल मारला नसता तर ती पडद्याचं कापड म्हणूनच लक्षात राहिली असती असं माझं मत आहे. आणि हो, फुटबॉल संघटनांना पैसा लागतो, कळतं मला. पण म्हणून दर दोन वर्षांनी नवी? त्यातही खेळाडूंची वेगळी, आपल्यासाठी वेगळी? घाम आम्हालाही येतो.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. कपाटातून दादाचा तो टी-शर्ट काढला. निळा आता राखाडीकडे गेलाय. 1 अजून घट्ट आहे. आईने शून्य पुन्हा चिकटवायचं म्हटलं होतं, दादाच नको म्हणाला. पुढची दोन वर्षं तो गोलकीपरच राहिला, आणि नंतर नंतर बरा खेळायचा.

त्याला सकाळीच व्हिडिओ पाठवला होता. वाटलं, माझ्यापेक्षा जास्त भडकेल. आत्ता उत्तर आलं.

"मस्त आहे की गं! ऑर्डर पण केली. पाठीवर 10."

म्हटलं, शून्य ओढून बघ आधी.