‘ईस्टर म्हणजे इश्तार’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

यंदाही तो मेसेज आलाच. गुड फ्रायडेची उपासना संपवून बाहेर आलो, मोबाइल चालू केला, तर शाळेच्या ग्रुपवर एका बाबिलोनी देवीचं चित्र आणि खाली ‘ईस्टरचं खरं रूप’. मुद्दे पाच. ईस्टर हा मुळात इश्तार देवीचा सण. अंडी आणि ससे ही तिचीच चिन्हं. कॉन्स्टंटाइन या रोमन बादशहाने तो ख्रिस्ती लोकांच्या गळ्यात बांधला. येशू शुक्रवारी मेला आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी उठला म्हणतात, पण शुक्रवार ते रविवार तीन दिवस होतच नाहीत. आणि शेवटी, जो स्वतःला वाचवू शकला नाही तो दुसऱ्याला काय वाचवणार. तरी हे लोक त्याच्या मरणाच्या दिवसाला ‘गुड’ म्हणतात! पाठवणारा माझा वर्गमित्र. खाली त्याने विचारलेलं, ‘भावा, खरं हाय का हे?’ विचारलंच आहे तर सांगतो.

इश्तार आणि ईस्टर हे शब्द कानाला सारखे लागतात, एवढाच या मुद्द्याचा आधार. इश्तार ही मेसोपोटेमियाची प्रेमाची आणि युद्धाची देवी. तिच्याबरोबर सिंह असतो, तिचं चिन्ह आठ टोकांचा तारा. अंडं नाही, ससा तर नाहीच. ‘ईस्टर’ हा शब्द इंग्रजीचा आणि तिच्या सख्ख्या बहिणीचा, म्हणजे जर्मनचा. बीड नावाच्या इंग्रज मठवासीयाने इसवी सन ७२५च्या सुमारास लिहून ठेवलंय की त्याच्या पूर्वजांत एका महिन्याला इओस्त्रे देवीचं नाव होतं, आणि सण त्या महिन्यात येतो म्हणून सणालाही तेच चिकटलं. समजा असेल तसं. जून महिना रोमच्या जुनो देवीच्या नावाचा आहे. म्हणून जूनमध्ये पोरांना शाळेत घालणारे आईबाप जुनोचे भक्त ठरतात का?

जगातल्या बहुतेक ख्रिस्ती लोकांनी हा शब्द कधी वापरलाच नाही. ग्रीक आणि लॅटिनमध्ये हा सण ‘पास्का’, स्पॅनिशमध्ये ‘पास्कुआ’. मूळ हिब्रू ‘पेसाख’, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटायच्या रात्री इस्राएली लोकांनी कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि मरण ते घर ओलांडून पुढे गेलं, त्याची ही आठवण. येशूला वधस्तंभावर चढवलं ते याच सणाच्या दिवसांत, आणि पहिल्या विश्वासणाऱ्यांनी त्यालाच वल्हांडणाचा कोकरा म्हटलं. सणाचा अर्थ शोधायचा तर तो या चौकटीपाशी आहे. माझी आजी ईस्टर म्हणायचीच नाही, ‘पुनरुत्थानाचा सण’ म्हणायची. तिला इश्तार कुठून चिकटवणार?

अंडी-सशांवर फार वेळ घालवत नाही. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास धरत नव्हत्या, त्यामुळे सणापर्यंत अंडी साठायची. मग ती रंगवायची, वाटायची. अंडी आणणाऱ्या सशाची गोष्ट जर्मनीतली, तिचा लेखी उल्लेख १६८२चा. बायबलमध्ये दोन्ही नाहीत आणि कोल्हापुरात तर ईस्टरला ससा कुणी बघितलेला नाही. आमच्याकडे त्या दुपारी तांबडा-पांढरा असतो, आणि मेसेज पाठवणारा गेली कित्येक वर्षं तो ओरपायला येतो.

कॉन्स्टंटाइनचा मुद्दा मात्र मला आवडतो, कारण त्याने पंचांगाचा विषय निघतो. त्याने ३२५ साली निकेया इथे धर्मपरिषद भरवली हे खरं. पण तिथे सण सुरू करायचा की नाही यावर चर्चा नव्हती. सगळ्यांनी तो एकाच रविवारी पाळावा एवढं ठरलं. तारखेचा वाद त्याआधीचा. स्मुर्णा इथले बिशप पॉलिकार्प याच विषयावर बोलायला दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोमला गेले होते, तेव्हा कॉन्स्टंटाइन जन्मायला शंभरावर वर्षं होती. नियम असा रुळला: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, पण चंद्र तोच. म्हणून तर गुड फ्रायडे पुष्कळदा जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आगेमागे येतो. २०२६मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ला, ईस्टर ५ला. अशा वर्षी डोंगरावरून उतरलेली गुलालात न्हालेली माणसं आणि पांढरे कपडे घालून चर्चला निघालेलं आमचं घर एकाच स्टॉपवर उभं असतं. अधिक महिन्यामुळे कधी मेळ चुकतो. २०२४ला ईस्टर ३१ मार्चला, होळीच्या पाठोपाठ आला.

आता तीन दिवसांचं गणित. ते कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागतंय याचंच नवल वाटतं. शुक्रवारी माणूस गेला आणि रविवारी सकाळी रक्षाविसर्जन असलं तर आपण ‘तिसऱ्या दिवशी’च म्हणतो ना? बहात्तर तास मोजत बसतो का? ज्यू लोकही पहिला आणि शेवटचा दिवस, अर्धामुर्धा असला तरी, धरूनच मोजत. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, एके ठिकाणी ‘तीन दिवस व तीन रात्री’ असे शब्द आहेत, ते लपवत नाही. पण बायबलमधली एस्तेर राणीही तीन दिवस, रात्रंदिवस उपवास करायला सांगते आणि तिसऱ्याच दिवशी राजापुढे उभी राहते. बोलायची ती रीत होती.

राहिला शेवटचा टोमणा. तो मेसेजवाल्याचा नाही, फार जुना आहे. वधस्तंभाखाली उभे असलेले याजक आणि शास्त्री नेमकं हेच म्हणत होते: दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवता येईना. शुभवर्तमान लिहिणाऱ्याने तो खोडून टाकला नाही, जसाच्या तसा ठेवला. दर गुड फ्रायडेला आम्ही तो मोठ्याने वाचतो. वधस्तंभ ही रोमन राज्यात गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा, भर रस्त्यात नागडं टांगायची. १९६८ साली जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात त्या काळातल्या माणसाच्या टाचेचं हाड सापडलं, त्यात वाकलेला लोखंडी खिळा तसाच होता. असल्या मरणाची लाज वाटावी असाच तो काळ. येशूचा प्रेषित पौल यानेही लिहिलंय की हे ग्रीकांना मूर्खपणा वाटतं. विश्वासणारा म्हणतो, तो उतरू शकत होता आणि उतरला नाही. माझ्या पापाचा भार त्याने घेतला. हे पटणं न पटणं ज्याचं त्याचं, पण ते न कळताच टोमणा मारला तर तो लागत नाही.

‘गुड’चा जुना अर्थ पवित्र. त्या दिवशी आमच्याकडे कुणी आनंद करत नाही. बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात मनन, फॅनची घरघर आणि पोरांची चुळबुळ. ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवणाऱ्यांनीही हे वाचावं, त्यात दोघे चर्चमधलेच आहेत.

येशूला पंतय पिलात या रोमन सुभेदाराने मारवलं हे ख्रिस्ती नसलेल्या टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही लिहिलं आहे. तो उठला हे मात्र मी मोबाइलवर सिद्ध करू शकत नाही. पौल स्वतः म्हणतो, तो उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट. वाद घालायचाच तर तिथे घाला, देवीच्या चित्रावरून नको.

रविवारी पहाटे आम्ही दफनभूमीत होतो. वारा होता, बाबांच्या कबरीवरची मेणबत्ती दोनदा विझली. आईने पदर आडवा धरून तिसरी काडी ओढली, झेंडूची फुलं नीट केली, आणि निघताना दगडावर हात ठेवून नेहमीसारखं म्हणाली, “येते हं.”