भिंत, अणू आणि एक फॉरवर्ड

गेल्या आठवड्यापासून कोथरूडच्या आमच्या विज्ञानप्रेमी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘निरपेक्ष शून्याजवळ अणू जागीच थिजतात. मग शेजारी काच असो की सोनं, त्यांना फरक पडत नाही. मात्र थर पातळ केला की भिंत त्यांच्यातली ओढ हवी तशी बदलते.’ दुसरं आणि तिसरं वाक्य एकमेकांच्या मुळावर उठलंय, तरी अंगठे पडताहेत. पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत अशा अणूंवर प्रयोग होतात. निदान पुण्यात तरी हे खपू नये.

‘थिजतात’: नाही. १०० नॅनोकेल्विनलाही, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सियस) जेमतेम एक कोटीांश अंश वर, रुबिडियमचा अणू सेकंदाला काही मिलिमीटर सरकतो.

‘काच की सोनं, फरक नाही’: इथे तर फॉरवर्ड पार फसलाय. धातूत उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची अखंड वळवळ चालू असते. तिच्या चुंबकीय गोंगाटाने जवळच्या अणूचा स्पिन (त्याचं चिमुकलं चुंबकत्व) उलटतो आणि अणू त्याला अधांतरी धरणाऱ्या चुंबकीय सापळ्यातून निसटतो. काचेपाशी हा त्रास फारच कमी. पण काचही अणूला ओढतेच. ही ओढ भौतिकशास्त्रज्ञ कॅसिमिर आणि पोल्डर यांनी १९४८ मध्ये मांडली. पुढे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एरिक कॉर्नेल यांच्या गटाने बोस-आइन्स्टाइन संघनित (एकसुरात वागणाऱ्या अतिथंड अणूंचा पुंजका) काचेपासून काही मायक्रॉनांवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झुलवलं आणि झोक्याची वारंवारता किती ढळते त्यावरून ही ओढ मोजली. २००७ च्या प्रयोगात काच सुमारे ६०० केल्विनपर्यंत तापवली, तेव्हा ओढ जवळपास तिप्पट झाली. अणू मात्र थंडच राहिले. मध्ये निर्वात पोकळी होती ना!

‘भिंत अणूंमधली ओढ हवी तशी बदलते’: अणूची भिंतीशी ओढ वेगळी, दोन अणूंची आपापसातली वेगळी. दुसरीवर भिंतीचा ठसा उमटायला भिंतीचं अंतर त्या दोघांमधल्या अंतराइतपत हवं. रुबिडियमच्या थंड टक्करीचा पल्ला जेमतेम ५ नॅनोमीटरचा. भिंत मायक्रॉनभर (१००० नॅनोमीटर) दूर असली तर त्या टक्करीला तिचा पत्ताही नसतो. पातळ थरात टक्करी बदलतात हे खरं, पण ते लेझरने थर दाबल्यामुळे. तिथे भिंत असायलाच हवी असं नाही.

लांब पल्ल्याच्या बलांचं मात्र वेगळं. विद्युत द्विध्रुव असलेले (एक टोक धन, दुसरं ऋण असे) रेणू धातूच्या पृष्ठभागाला अगदी लगटून, एकमेकांपासून त्या मानाने दूर ठेवा. ते पृष्ठभागाला काटकोनात उभे असतील, तर धातूतल्या प्रतिमांमुळे (धातूतले इलेक्ट्रॉन सरकून आरशातल्यासारखे जुळे द्विध्रुव भासवतात) त्यांच्यातलं बल जवळपास दुप्पट होतं. आडवे असतील, तर जवळजवळ पुसलंच जातं.