खुलासा : हायड्रॉक्साइडांच्या विद्राव्यतेबद्दल फिरणारा मेसेज

बारावीच्या ग्रुपांवर सध्या एक रिव्हिजन मेसेज फिरतोय : 'अल्कधर्मी मृदा धातूंच्या हायड्रॉक्साइडांची विद्राव्यता गटात खाली जाताना घटते, आणि पाणी तापवलं की वाढते.' हे धातू म्हणजे आवर्त सारणीच्या दुसऱ्या गटातले मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम वगैरे; विद्राव्यता म्हणजे पाण्यात किती विरघळतं ते. यातलं पहिलं विधान सरळ उलटं आहे, दुसरं सगळ्यांना लागू नाही.

२० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड जेमतेम ०.०१ ग्रॅम विरघळतं, कॅल्शियमचं सुमारे १.७ ग्रॅम आणि बेरियमचं जवळपास ३९ ग्रॅम. म्हणजे खाली जाताना विद्राव्यता वाढते. धातूचा आयन मोठा होत जातो तसा स्फटिक सैल होतो आणि पाण्याला तो फोडणं सोपं जातं. घटत जाते ती याच धातूंच्या सल्फेटांची विद्राव्यता; बहुधा तिथलाच नियम इथे चिकटला असावा.

तापमानाचं म्हणाल, तर चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हट्टी आहे. उकळत्या पाण्यात तो लिटरला पाऊण ग्रॅमसुद्धा विरघळत नाही. चुन्याची स्वच्छ निवळी बूच लावून गरम पाण्यात ठेवा (प्रयोगशाळेत, गॉगल घालून, तिचा सामू, म्हणजे पीएच, १२ च्या वर असतो). ती गढुळते, थंड झाली की हळूहळू पुन्हा निवळते. बूच यासाठी, की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही निवळी दुधाळ होते आणि मग काहीच सिद्ध होत नाही. बेरियम हायड्रॉक्साइड मात्र गरम पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.